भुतांचा फराळ

सण कोणताही असो, मुलांच्या दृष्टीने त्याचे ठाणे स्वयंपाकघरातच असते. पूजा देवघरात होते, आरास ओसरीवर होते; पण मुलांचे पाय वळतात ते चुलीकडे. मोठेपणी पूजेचा विधी आठवत नाही, आरास कशी होती तेही आठवत नाही. आठवतो तो कढईभोवती जमलेला गोतावळा, आणि पहिला घाणा कोणाच्या हाती पडला ते. सणाची गोडी अशी पंगतीत असते. म्हणूनच ज्या मुलास पंगतीतला पदार्थ खाता येत नाही, त्याच्यापुरता सण अर्ध्यावरच सरतो. ही गोष्ट आम्हांस आमच्या धाकट्या मुलीने शिकविली.

आम्ही उभयता याच शाळेचे विद्यार्थी. फोंडा तालुक्यात लहानाचे मोठे झालो आणि गेली बारा वर्षे नोकरीनिमित्त आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिन शहरी, राहत आहोत. वार्षिक अंकासाठी परदेशातील एखाद्या सणाविषयी लिहावे, असे संपादक-गुरुजींचे पत्र आले, तेव्हा २०२४ सालच्या हॅलोविनची हकीकत सांगावी असे आम्ही ठरविले. कारण त्या वर्षी एक मौजेचा योग जुळून आला होता. ३१ ऑक्टोबर या एकाच तारखेस सकाळी आपली नरकचतुर्दशी होती आणि रात्री तिकडचे हॅलोविन.

हॅलोविन हा अमेरिकेचा सण, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक त्याचे माहेर आयर्लंड आणि स्कॉटलंड. सुगी संपून हिवाळा लागण्याच्या संधिकालावर प्राचीन केल्टिक लोकांचा 'साउन' नावाचा सण येत असे. आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचे नाव आजही तेच आहे. या रात्री मृतांचे जग व जिवंतांचे जग यांमधील दार किलकिले होते, अशी त्या लोकांची समजूत होती. भटकणाऱ्या भुतांनी आपणांस ओळखू नये म्हणून माणसे मुखवटे घालीत. पुढे ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याच्या पूर्वसंध्येस हॅलोविन हे नाव पडले. त्यानंतरचा २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी गोव्यातील आपले ख्रिस्ती शेजारी दफनभूमीत मेणबत्त्या लावतात, हे आपण सर्वांनी पाहिलेलेच आहे.

भोपळा कोरून त्यात दिवा ठेवण्याची चाल तुम्ही चित्रांतून पाहिली असेल. परंतु आयर्लंडमध्ये पूर्वी भोपळा नव्हे, तर सलगमासारखा कंद कोरीत. कॅसलबार गावाजवळील राष्ट्रीय संग्रहालयाच्या ग्रामीण जीवनविभागात अशा एका जुन्या कंदिलाची प्रतिकृती ठेवलेली आहे. तिचे ते सुरकुतलेले तोंड आणि विचकलेले दात पाहून मोठ्यांच्याही अंगावर काटा येतो. एकोणिसाव्या शतकात लक्षावधी आयरिश माणसे पोटासाठी अमेरिकेस गेली. तेथे त्यांना भोपळा मिळाला. तो मोठा आणि कोरावयास मऊ. कंदाची जागा भोपळ्याने घेतली, आणि आता तो भोपळा अमेरिकेहून परत या माहेरी येऊन बसला आहे.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात काय चालते, ते तुम्हांस सांगावयास नको. वाड्यावाड्यांतून कागदाचे, गवताचे अक्राळविक्राळ नरकासुर उभे राहतात, रात्रभर मिरवतात, आणि पहाटे त्यांचे दहन होते. मग अभ्यंगस्नान, मग कारीट फोडणे, आणि मग पोहे. दुधातले पोहे, ताकातले पोहे, नारळाच्या रसातले गूळ घातलेले पोहे, बटाट्याचे पोहे. घरोघर हिंडून निदान पाच प्रकार चाखल्याखेरीज आमची दिवाळी होत नसे. भयंकराची प्रतिमा करावयाची, तिला हसावयाचे आणि नंतर सर्वांनी मिळून खावयाचे, हा क्रम दोन्ही सणांत सारखाच आहे. दोन दूरच्या देशांतील मुलांस हिवाळ्याच्या तोंडावर एकच खेळ सुचावा, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. आमची धाकटी त्या वर्षी आठ वर्षांची होती. २०२२ साली तिचे वजन वाढेना, पोट वारंवार दुखे, चेहरा फिकट पडला. रक्ताची तपासणी झाली, लहान आतड्याचा सूक्ष्म तुकडा तपासला गेला, आणि सेलिअ‍ॅक नावाचा विकार असल्याचे निश्चित झाले. हा विकार संसर्गाने होत नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ते पोटात गेले म्हणजे अशा माणसाची संरक्षक शक्ती स्वतःच्याच आतड्यावर उठते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील नाजूक अंकुर झिजतात, आणि जेवूनही शरीर उपाशी राहते. जगात सुमारे शंभरांत एकास हा विकार असतो. आपल्या देशात दक्षिणेपेक्षा गहू खाणाऱ्या उत्तर भागात तो अधिक आढळतो. त्यावर औषध नाही. ही तीन धान्ये जन्मभर पूर्ण वर्ज्य करणे हाच उपाय. तो पाळला तर आतडे भरून येते आणि मूल इतरांसारखेच वाढते.

या उपायाचा शोध कसा लागला, ते ऐकण्यासारखे आहे. हॉलंडमधील विलेम डिके या बालवैद्यास महायुद्धापूर्वीपासूनच पावाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव दुर्मीळ झाला. सारा देश उपाशी असताना या विकाराची मुले मात्र गव्हावाचून बरी राहिली. पाव परत आला तसे त्यांचे दुखणेही परत आले. पुढे पद्धतशीर निरीक्षणे करून डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध सादर केला. एका दुष्काळाने जगातील असंख्य मुलांस असा वाचण्याचा मार्ग दाखविला.

ग्लुटेन म्हणजे काय, हे पाहण्यास प्रयोगशाळा नको. मूठभर कणीक घट्ट भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मग पातेलीभर पाण्यात तो गोळा हलक्या हाताने चोळत धुवा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. कुरडयांसाठी गहू भिजवून काढतात तसाच हा चीक. दोन-तीन वेळा पाणी बदलल्यावर हातात जो रबरासारखा चिवट गोळा उरतो, तेच ग्लुटेन. इटलीतील बेक्कारी या विद्वानाने ते गव्हाच्या पिठातून वेगळे केल्याचा वृत्तांत १७४५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्यामुळेच पोळी ताणली जाते आणि पाव फुगतो. तोच प्रयोग तांदळाच्या पिठावर करून पाहा. सारे पीठ पाण्यात विरघळल्यासारखे होऊन जाईल आणि हाती काही उरणार नाही. आमच्या थोरल्याने हा प्रयोग बाहेर अंगणात, जुन्या डब्यात केला. कारण आमच्या स्वयंपाकघरात आता गहू शिरत नाही.

गहू शिरत नाही असे लिहिणे सोपे, पाळणे कठीण. ग्लुटेनमुक्त म्हणविण्यास पदार्थात एका किलोस वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असू नये, असा युरोपात तसाच भारतातही नियम आहे. पोळीचा एखादा कण किती लहान असतो आणि तरीही किती मोठा ठरतो, ते यावरून ध्यानी यावे. जुने लाकडी पोळपाट-लाटणे, जुनी चाळणी, भेगा पडलेली लाकडी पळी, सारे आम्ही देऊन टाकले. कारण पीठ भेगांत दडून बसते. आपल्या मसाल्याच्या डब्यातही चोर असतो. तो म्हणजे हिंग! बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. बेसन निर्मळ, पण ते ज्या गिरणीत दळले त्याच जात्यातून आधी गहू गेलेला असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो, पोह्यांसारख्या भाजक्या तांदळाच्या न्याहारीत जवाचे माल्ट असते, ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांतही गव्हाचे पीठ असते. युरोपात वेष्टनावर अशी नावे ठळक ठशात छापावी लागतात. आमच्या धाकटीचे इंग्रजी वाचन पुस्तकांपेक्षा या वेष्टनांवर अधिक झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पथ्य तिने विनातक्रार पाळले. दुखणे निराळेच होते. वाढदिवस असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो, तिला आम्ही घरून डबा बांधून देत असू. सगळी मुले एका टेबलाशी केक खात आणि ही आपला डबा घेऊन कडेला बसे. २०२३ च्या हिवाळ्यात एका मेजवानीहून ती परतली ती डबा जसाच्या तसा घेऊन. विचारता म्हणाली, "मला भूक नव्हती." पुढच्या वेळीही भूक नव्हती. त्याच्या पुढच्या वेळी तिने आमंत्रणच दप्तरात दडवून ठेवले. मैत्रिणीच्या आईने विचारले तेव्हा आम्हांस कळले. आम्ही तिला जवळ घेतले तेव्हा ती म्हणाली, "डबा उघडला की सगळे विचारतात, हे काय, ते काय. नाही गेले तर कोणी काही विचारत नाही."

आठ वर्षांच्या मुलीने असा हिशेब मांडावा, याने आम्ही अस्वस्थ झालो. आतडे भरून येत होते. पण मूल हळूहळू पंगतीतून उठत होते. तेव्हा आम्ही ठरविले की हॅलोविनची मेजवानी या वर्षी आपल्या घरी करावयाची. तिच्यासाठी म्हणून एकही पदार्थ करावयाचा नाही. जो होईल तो सर्वांसाठी, आणि तो तिलाही चालेल असाच. शिवाय हे सारे तिने आणि थोरल्याने स्वतः करावयाचे. आम्ही दोघे केवळ विस्तव आणि सुरी सांभाळू. आमंत्रित अकरा मुले होती. शेंगदाणे, बदाम, अंडी यांपैकी कोणास काही वर्ज्य आहे काय, ते त्यांच्या आईवडिलांस आधीच विचारून घेतले. जे आपल्या मुलाबाबत आपण अपेक्षितो, ते दुसऱ्याच्या मुलाबाबतही करावयास नको काय?

३० तारखेच्या रात्री साडेअकरा वाजता दूरध्वनीच्या पडद्यावर फोंड्याची पहाट उगवली. घड्याळ तेथे साडेपाच तास पुढे असते. आमच्या वाड्यावरचा नरकासुर जळताना मुलांनी डब्लिनमध्ये अंथरुणात बसून पाहिला. सकाळी त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्याचा आपला वीतभर नरकासुर केला. तो न जाळता पायांखाली तुडविण्यात आला. कारीट तेथे कोठून मिळणार? त्याऐवजी बागेतले एक खुरटे, आंबट सफरचंद टाचेखाली फोडले. मग नारळाच्या रसातले पोहे झाले, आणि थोरला एकाएकी म्हणाला, "आई, पोह्यांत तर गहू नसतोच!" खरेच होते. तांदळाच्या मुलखात वाढलेल्या आम्हांस घावन, आंबोळी, पातोळ्या, उकडीचे मोदक, तांदळाची भाकरी आणि नाचणीचे तिझन यांचा साठा वारशाने मिळालेला आहे. ज्या पदार्थांसाठी तिकडची दुकाने दामदुप्पट घेतात, ते आपल्या आज्यांनी कोणतेही निराळे नाव न देता पिढ्यान्‌पिढ्या केले आहेत.

दुपारी फराळास आरंभ झाला. पहिला मान भुतांचा. दोन अंड्यांचा पांढरा भाग कोरड्या भांड्यात घोटावयाचा. पिवळ्या बलकाचा थेंबही त्यात जाता कामा नये, नाही तर फेस चढत नाही. फेस चढू लागला की त्यात एकशे दहा ग्रॅम बारीक साखर चमच्याचमच्याने घालावयाची. भांडे उपडे केले तरी फेस पडू नये, ही त्याची परीक्षा. ती आमच्या थोरल्याने धाकटीच्या डोक्यावर भांडे उपडे धरून घेतली, आणि दैवाने ती उत्तीर्ण झाली. कागदाच्या पुंगळीतून त्या फेसाचे टोकदार ढीग पाडले आणि काळ्या तिळांचे डोळे लावले. शंभर अंश उष्णतेच्या भट्टीत दीड तास वाळविल्यावर अठ्ठावीस पांढरी भुते ताटात उभी राहिली. त्यांतील तिघांस एकच डोळा होता. ती अधिक भयंकर, म्हणून पुढे मांडण्यात आली.

मग चेटकिणीची बोटे. ही वास्तविक आपली नानखटाई. एक वाटी बेसन, एक वाटी तांदळाचे पीठ, पाऊण वाटी पिठीसाखर आणि पाऊण वाटी तूप. गहू नसल्याने हे पीठ धरत नाही, बोट वळता वळता त्याचे तुकडे पडतात. तेव्हा ग्लुटेनचे काम कोणाकडून तरी करून घ्यावे लागते. आम्ही चमचाभर इसबगोल थोड्या पाण्यात भिजवून त्यात मिसळले. इसबगोल पाणी धरून बुळबुळीत होते आणि पिठास बांधून ठेवते. औषधाच्या फडताळातील वस्तू अशी भट्टीकामास येते. दोन पेरे दाबून, टोकास बदामाची पाकळी खोचून, मध्यम आचेवर पाव तास भाजल्यावर बोटे अशी काही निघाली, की ती हातात धरावयास आमचाही हात क्षणभर मागे सरला.

कोळी करणे त्या मानाने सोपे. खजूर आणि भाजलेले दाणे एकत्र कुटून लाडू वळले आणि प्रत्येकास आठ पाय लावले. पाय कशाचे? घरच्या शेवेचे! धाकटी पाय मोजून लावीत होती आणि सहा पायांच्या एका कोळ्यास तिने, "हा किडा झाला," म्हणून परत पाठविले. शाळेत शिकलेले शास्त्र असे कामास आले.

शेवटी डोळे. तांदळाची उकड काढली. उकळत्या पाण्याने तांदळाचे सत्त्व फुगते आणि चिकटते. गव्हास जे न शिजविता साधते, ते तांदूळ उकडीने साधतो. आत गूळ-खोबऱ्याचे सारण, बाहेर गुळगुळीत गोल, मध्यभागी काळी मनुका, आणि बिटाच्या रसाने काढलेल्या लाल शिरा. पडद्यावर फोंड्याहून आजी पाहत होत्या. त्या कळवळून म्हणाल्या, "गे बाय, मोदकाला डोळे कसले काढतेस?" धाकटी गंभीरपणे म्हणाली, "आजी, हा मोदक नाहीच. याला कळ्या कुठे आहेत?" आजींनी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "मग असू दे. पण वाफ नीट येऊ दे हो."

जेवणासाठी कोलकॅनन होते. हे हॅलोविनचे जुने आयरिश जेवण. उकडलेले बटाटे कुस्करून त्यात शिजविलेली केल किंवा कोबी, कांद्याची पात, दूध आणि भरपूर लोणी. यात गव्हाचा संबंधच येत नाही. सणाचा दुसरा जुना पदार्थ म्हणजे बार्मब्रॅक हा मनुकांचा गोड पाव. तो मात्र गव्हाचा. त्यात एक अंगठी दडविलेली असते, आणि ज्याच्या वाट्यास ती येते त्याचे लवकरच लग्न होणार, असे हसत हसत सांगतात. वर्गातील मुलांच्या तोंडून या अंगठीच्या गोष्टी धाकटीने ऐकल्या होत्या. तिच्या वाट्यास अंगठी येणे तर दूरच. तिच्या वाट्यास तो पावच येत नव्हता.

पाच वाजता अंधार पडला. सांगाडे, वटवाघळे, चेटकिणी अशी मंडळी एकेक करून आली. तोच शेजारच्या आजीबाई दारात उभ्या राहिल्या. वय ऐंशीच्या घरात, एकट्या राहतात. आमची मुले त्यांस आजीच म्हणतात. त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेला, नुकताच भाजलेला बार्मब्रॅक होता. मोठ्या मायेने त्यांनी तो पुढे केला. आम्ही पुढे होऊन काही बोलणार, इतक्यात धाकटीच दाराशी गेली. ती आता "भूक नाही" म्हणणार, असे आमच्या मनात आले. परंतु ती स्पष्ट म्हणाली, "आजी, याचा वास फार छान येतो. पण मला गहू चालत नाही, आणि आज आमच्या घरात सगळे सगळ्यांना चालेल असेच आहे. याचे कण सांडले तर मला काहीच खाता येणार नाही."

क्षणभर सारे स्तब्ध झाले. आजीबाईंनी फडके पुन्हा गुंडाळले. रागावल्या मात्र नाहीत. त्या म्हणाल्या, "मग हा मी घरी ठेवून, हात धुऊन येते. पण अंगठीचे काय? अंगठीवाचून ही रात्र होत नाही." थोडे थांबून त्यांनीच मार्ग काढला. "आमच्या आईच्या घरी अंगठी कोलकॅननमध्येही घालीत. बटाट्यास गव्हाचे काय?" ही चाल खरोखरच जुनी आहे; अंगठी आणि नाणे कोलकॅननमध्ये दडविण्याची रीत आयर्लंडमध्ये पूर्वी घरोघर होती. धाकटीने खेळण्यांतील अंगठी शोधून आणली. ती व एक नाणे आम्ही उकळत्या पाण्यात घालून स्वच्छ केले, कागदात ठळक दिसतील असे गुंडाळले, सर्व मुलांस सावकाश चावून खाण्याची ताकीद दिली आणि भांड्यात दडविले.

वाढण्याचे काम धाकटीने मागून घेतले. हे आम्ही शिकविले नव्हते. इतके दिवस जी कडेला बसत होती, ती पळी घेऊन मध्यभागी उभी राहिली आणि कोणास किती, ते विचारू लागली. "हे काय, ते काय," असे प्रश्न त्या दिवशीही झाले. परंतु ते डोळ्यांविषयी होते, बोटांविषयी होते, आणि उत्तरे देणारी ती होती. डोळ्यात गूळ निघाला तेव्हा एका चेटकिणीने किंकाळी फोडली आणि दुसरा डोळा मागितला. ही मेजवानी ग्लुटेनमुक्त आहे, हे कोणास आठवलेही नसावे. अंगठी थोरल्याच्या मित्रास, एका बारा वर्षांच्या सांगाड्यास, सापडली. तो कानापर्यंत लाल झाला. नाणे आजीबाईंच्या ताटात आले. "ऐंशीव्या वर्षी श्रीमंत होणार मी," असे म्हणून त्यांनी ते पदरी बांधावे तसे रुमालात बांधले. धाकटीच्या ताटात काहीच निघाले नाही. आम्ही हळूच तिच्याकडे पाहिले. ती तिसऱ्यांदा कोणास हवे, ते मोजण्यात गुंतली होती.

नंतर मुले कंदील घेऊन घरोघर फिरून आली. डब्लिनमध्ये पूर्वी मुले दारात, "हॅलोविनच्या मेजवानीस हातभार लावा," असे म्हणत. आता अमेरिकेची आरोळी अधिक ऐकू येते. मिळालेल्या खाऊची आमच्या बैठकीत देवघेव झाली. भुईमुगाच्या शेंगा, संत्री, सफरचंदे निर्धास्त. बिस्किटे आणि माल्टच्या गोळ्या थोरल्याकडे. त्याच्या बदल्यात त्याची चॉकलेटे, वेष्टन वाचून, धाकटीकडे. या व्यवहारात थोरल्याने एका चॉकलेटास दोन बिस्किटे असा भाव लावण्याचा प्रयत्न केला, तो तिने हाणून पाडला.

एका रात्रीने दुखणे जात नाही, आणि एका मेजवानीने जगही बदलत नाही. दुसऱ्या आठवड्यात तिला एका वाढदिवसाचे आमंत्रण आले. तेथे केक गव्हाचाच असणार होता. ती डबा घेऊनच गेली. परंतु डब्यात एकटीपुरते नव्हे, तर सहा-सात कोळी घालून मागितले. परत आली तेव्हा डबा रिकामा होता. किती तिने खाल्ले आणि किती इतरांनी, ते आम्ही विचारले नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वर्गातही असे कोणी असेल. कोणास गहू चालत नसेल, कोणास दूध, कोणास शेंगदाणा, कोणास साखर. मधल्या सुटीत तो थोडा दूर बसत असेल आणि विचारल्यास भूक नाही म्हणत असेल. त्याच्या डब्याकडे टक लावून पाहू नका, आणि "एक घास खाल्ल्याने काय होते?" असा आग्रहही धरू नका, एका घासाने पुष्कळ होते. त्याला काय चालते, ते त्याच्याकडूनच विचारून घ्या आणि पुढच्या सहलीस, पुढच्या स्नेहसंमेलनास एखादा पदार्थ तरी असा करा, की तो सर्वांच्या ताटात पडेल. आपल्या गोव्यात हे मुळीच अवघड नाही. गिरणीची आणि हिंगाची चौकशी केली, की पोहे आहेत, घावन आहेत, पातोळ्या आहेत. आणि ते पदार्थ करावयास त्या मुलासच आधी बोलवा. खाण्याच्या पंगतीत जागा मिळण्यापूर्वी करण्याच्या घाईगर्दीत त्याला जागा मिळाली, तर पुढचे काम पुष्कळच हलके होते, असा आमचा अनुभव आहे.